चुकारा कुणाच्या नावे?

१९३३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत उभ्या कपाशीत नांगर घातला गेला. पात्या-फुलं सरून बोंडं धरलेली पऱ्हाटी, एक कोटी एकरांहून जास्त. त्या हंगामात पेरलेल्या कपाशीचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. नांगराला खेचरं जुंपलेली असत. त्यांना कायम दोन ओळींच्या मधून चालायची सवय लावलेली, रोपावर पाय पडला की फटका. ती रोपं तुडवायला तयार होईनात, असं त्या भागात अजून सांगतात. नांगर धरणाऱ्या माणसांना काय वाटलं असेल, ते मला सांगावं लागत नाही. आमच्याकडे वऱ्हाडात पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय बोंडाला हात लावत नाहीत.

मी यवतमाळ जिल्ह्यात कापूस संकलन केंद्रावर ग्रेडर होतो. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, चिमटीत धागा ओढून लांबी पाहायची, ओल किती, कवडी किती, पालापाचोळा किती ते बघायचं आणि प्रत लिहायची. त्या प्रतीवर शेतकऱ्याचा चुकारा ठरायचा. पुढे काय होतं ते काउंटरवर बसणारे बाबू बघत. पण चुकाऱ्याची पावती ज्याच्या नावे फाटायची तो माणूस आणि गाडीसोबत रात्रभर थंडीत थांबलेला माणूस, हे दोघं पुष्कळदा वेगळे असत. ती गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. अमेरिकेतल्या एका काउंटीचा इतिहास मी इतक्या आस्थेनं वाचत गेलो तो त्यामुळे.

आधी तो नांगर का फिरला ते सांगतो. १९२९ मध्ये अमेरिकन शेतकऱ्याला रुईचे पौंडाला सुमारे १७ सेंट मिळत होते. १९३२ मध्ये भाव साडेसहा सेंटांच्या आसपास आला. गोदामांत एक कोटीहून अधिक गाठी पडून होत्या, आणि तिकडची गाठ आपल्या १७० किलोच्या गाठीपेक्षा बरीच जड असते. १२ मे १९३३ रोजी शेतीच्या फेरमांडणीचा कायदा झाला. रूझवेल्ट अध्यक्ष, हेन्री वॉलेस शेतीमंत्री. कायदा व्हायच्या आधीच पेरण्या झाल्या होत्या, म्हणून उभं पीक मोडायचं ठरलं. मोडलेल्या एकराला, जमीन कशी पिकते ते पाहून, ७ ते २० डॉलर रोख. दहा लाखांहून अधिक करार झाले आणि दहा कोटी डॉलरांहून जास्त रक्कम दक्षिणेत वाटली गेली. पैसा उभा केला कापड गिरण्यांवर आणि इतर प्रक्रिया करणाऱ्यांवर कर बसवून.

पीक मोडायला सरकारनं पैसे दिले म्हणून त्या कायद्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवत नाही. माल जास्त झाला की भाव पडतो आणि एकटा शेतकरी पेरा कमी करून काही साधत नाही. सगळ्यांनी मिळून कमी करायचा तर कुणीतरी वर बसून करार करावे लागतात. भाव चढलाही. १९३३ चा कापूस दहा सेंटांच्या वर गेला, पुढच्या वर्षी बाराच्या वर. सरकारनं शेतकऱ्याच्या पाठीशी पैसा घेऊन उभं राहावं, यात मला गैर काही दिसत नाही. आमच्याकडची कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी त्याच विचारानं सुरू झाली होती. खोट होती ती वेगळ्या ठिकाणी. चेक कुणाच्या नावे काढायचा, तिथे.

ही खोट सगळ्यांत उघडी पडली ती आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या हिशेबानं एखादा मोठा तालुका. माझी मुलगी मेम्फिसला असते. तिथून तासाभराच्या आत टायरोन्झा नावाचं खेडं लागतं. मी तिला तिथे घेऊन चल म्हटलं, तेव्हा तिला नवल वाटलं. नजर पोचेल तिथवर सपाट काळी जमीन, कुठे चढ नाही की उतार. पूर्वी हा सगळा दलदलीचा, दाट झाडांचा मुलूख होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकूडकंपन्यांनी झाडं तोडली, मग चर खणून पाणी काढलं आणि उघडी पडलेली जमीन कपाशीखाली आली. जमीन कंपन्यांची आणि मोठ्या मळेवाल्यांची. राबायला आले ते भूमिहीन, गोरेही आणि काळेही. १९३० मध्ये आर्कान्सातली साठ टक्क्यांहून अधिक शेतं कुळं कसत होती.

त्यांतले सर्वांत खालचे म्हणजे अर्ध्या वाट्यानं कसणारे. आपल्या बटईसारखंच. जमीन, खेचर, अवजारं, बियाणं, राहायला खोपटं मालकाचं. मेहनत सगळी कसणाऱ्याची. निम्मा कापूस मालकाचा, निम्मा कसणाऱ्याचा. मार्चपासून पीक हाती येईपर्यंत पीठ, चरबी, काकवी मळ्याच्याच दुकानातून उधारीवर. हिशेबाची वही मालकाकडे आणि कसणारा बहुधा अक्षरशत्रू. हंगाम संपला की कळायचं, अजून तुझ्याकडेच निघतात.

या रचनेवर सरकारी पैसा येऊन पडला. १९३३ चा चेक मालकाच्या हाती आला. कुळाचा हिस्सा कागदावर मान्य होता, पण बऱ्याच ठिकाणी मालकानं तो दुकानाच्या उधारीत वळता करून घेतला. १९३४ आणि १९३५ चा करार जास्त विचार करून लिहिला गेला, आणि कुळाला जास्त महागात पडला. पहिल्या वर्षी कपाशीचं क्षेत्र सुमारे ४० टक्के घटवायचं. पडीक ठेवलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर पौंडाला साडेतीन सेंट खंड सरकार देणार, तो सगळा मालकाला. शिवाय भाव सावरण्यासाठी पौंडाला एक सेंट, तो पिकाच्या वाट्याप्रमाणे दोघांत निम्मा-निम्मा.

मला आकडे मांडल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी मांडून पाहिलं. समजा एका घराकडे दहा एकर कपाशी आहे आणि एकराला २०० पौंड रुई होते. चार एकर पडीक ठेवली. त्या ८०० पौंडांवर साडेतीन सेंटांनी २८ डॉलर, मालकाचे. एका सेंटाची रक्कम एकूण उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर, म्हणजे तीही ८०० पौंडांवर, ८ डॉलर. त्यांतले ४ मालकाचे, ४ कसणाऱ्याचे. एकाला ३२, दुसऱ्याला ४. आणि ज्याला ४ मिळाले त्याची चार एकरांची कमाई गेली ती वेगळीच. त्यात कुळ काढून टाकलं आणि तीच जमीन रोजंदारीवर करून घेतली, तर ते चार डॉलरही मालकाचे. करार लिहिणाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. सातव्या कलमात त्यांनी लिहिलं होतं की मालकानं क्षेत्र घटवताना कुळांना कमीत कमी झळ पोचेल असं पाहावं आणि शक्यतो कुळांची नेहमीची संख्या कायम राखावी. ‘शक्यतो’ या एका शब्दाच्या जोरावर हजारो घरं उठली.

टायरोन्झाजवळ हायरम नॉरक्रॉस नावाच्या मळेवाल्यानं अनेक कुटुंबांना जमिनीवरून काढलं. जुलै १९३४ मध्ये गावाबाहेरच्या सनीसाइड शाळेत काही माणसं रात्री जमली. अकरा गोरे, सात काळे. त्या काळी त्या मुलखात गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एका खोलीत बसून संघटना करायची, याचा अर्थ काय होता ते समजायला १९१९ मध्ये जावं लागतं. त्याच राज्यात, फिलिप्स काउंटीतल्या एलेनला, काळ्या कुळांनी कापसाचा खरा हिशेब मिळावा म्हणून संघटना केली, तेव्हा त्यांची कत्तल झाली होती. सनीसाइडला जमलेल्यांत एलेनची संघटना पाहिलेला एक म्हातारा होता. वेगवेगळ्या दोन संघटना कराव्यात की एक, यावर चर्चा झाली आणि एकच करायची ठरली. तिचं नाव दक्षिणेची कुळ-शेतकरी संघटना. तिचे दोन पुढारी, एच. एल. मिचेल आणि क्ले ईस्ट, हे गावातले दुकानदार होते. मिचेल कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचा, ईस्टचा शेजारीच पेट्रोलपंप. त्या जागेत आता संग्रहालय आहे, तिथल्या विद्यापीठानं उभं केलेलं. मी तिथे बराच वेळ होतो. मुलगी बाहेर जाऊन आली, मी हललो नव्हतो.

कुळांनी तक्रारी केल्या. ज्यांना पत्रं लिहिता येत नव्हती त्यांनी लिहवून घेतली. वॉशिंग्टनहून ती पत्रं चौकशीसाठी पुन्हा काउंटीकडे येत, आणि काउंटीच्या समितीत बसलेले कोण, तर मळेवाले आणि त्यांच्या ऊठबसीतले लोक. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच ओसरीवर कागद. या कायद्यातली समितीची कल्पना मुळात चांगली होती. शेतकऱ्यांचा कारभार गावच्या शेतकऱ्यांनीच बघावा, साहेबानं दुरून ठरवू नये. पण गावात एकाच्या हाती जमीन असली की गावचा कारभार म्हणजे त्याचाच कारभार.

जानेवारी १९३५ मध्ये शेतीखात्यानं मेरी कॉनर मायर्स या वकीलबाईंना आर्कान्सात पाठवलं. त्या कुळांच्या घरी गेल्या, जबान्या घेतल्या, परत जाऊन अहवाल दिला. तो अहवाल जाहीर झाला नाही. पुढच्याच महिन्यात योजनेच्या प्रमुखांनी, चेस्टर डेव्हिस यांनी, आपल्या कायदा विभागातले जेरोम फ्रँक आणि त्यांचे साथीदार एका झटक्यात काढले. त्यांचा गुन्हा हा, की सातव्या कलमाचा अर्थ त्यांनी ‘नुसती संख्या नव्हे, तीच माणसं जमिनीवर राहिली पाहिजेत’ असा लावला होता. वॉलेसनी डेव्हिसना मान्यता दिली. रूझवेल्टना दक्षिणेतल्या सिनेटरांची मतं हवी होती आणि सिनेटमधल्या बहुमताचे नेते, जोसेफ रॉबिन्सन, आर्कान्साचेच होते. मार्चमध्ये समाजवादी नेते नॉर्मन थॉमस त्या भागात बर्डसाँगला सभेत बोलायला उभे राहिले, तर त्यांना व्यासपीठावरून ओढून खाली काढलं आणि काउंटीबाहेर घालवलं. त्याच वर्षी वेचणीच्या हंगामात संघटनेनं संप केला. शंभर पौंड वेचणीला एक डॉलर मागितला. पुष्कळ ठिकाणी ७५ सेंटांपर्यंत मजुरी चढली. सरकारी चेकातून जे मिळालं नव्हतं, ते वेचणाऱ्या हातांनी थोडंफार वसूल केलं.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा रद्द केला. कारण कुळांचं नव्हतं. एका कापड गिरणीच्या वतीनं कराला आव्हान दिलं गेलं होतं. पाठोपाठ जमीन राखण्याच्या नावाखाली नवा कायदा आला, १९३८ मध्ये आणखी एक, आणि त्यांत वाटेकऱ्याचा हिस्सा वाढवून थेट त्याला देण्याची तजवीज झाली. एवढं वाचून मला हायसं वाटलं होतं. पण मालकांनी वाटेकरीच ठेवले नाहीत. वाटेकऱ्याला हिस्सा द्यावा लागतो, रोजंदाराला द्यावा लागत नाही. जानेवारी १९३९ मध्ये शेजारच्या मिझुरी राज्याच्या दक्षिण टोकाला हजाराहून अधिक माणसं बायकापोरांसह, भांडीकुंडी घेऊन, कडाक्याच्या थंडीत हमरस्त्यांच्या कडेला येऊन बसली. मालकांनी त्यांना उठवलं होतं ते सरकारी रक्कम सगळी आपल्याकडे राहावी म्हणूनच. चेकच्या पैशातून ट्रॅक्टर आले, युद्धानंतर कापूस वेचणारी यंत्रं आली. उरलेली खोपटी पाडून तीही जागा पेरली गेली.

त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत कायद्यांची नावं दर पाच-सात वर्षांनी बदलली, पाया तोच राहिला: एकर आणि त्या एकरावरचं नाव. काळ्या शेतकऱ्यांना काउंटीच्या कचेऱ्यांतून कर्जं आणि मदत नाकारली गेली, त्याचा दावा १९९९ मध्ये तडजोडीनं मिटला आणि सरकारनं सुमारे एक अब्ज डॉलर भरपाई दिली. तोवर त्यांतले बहुतेक शेतीतून उठले होते. १९९६ पासून तर जुन्या क्षेत्राच्या नोंदीवर पैसे मिळू लागले; त्या एकरावर या वर्षी कापूस लावा अथवा लावू नका. पैसा जमिनीला चिकटला की जमिनीचा मक्ता, म्हणजे भाडं, वाढतो आणि मक्त्यानं करणाऱ्याच्या हातातून तो मालकाकडे जातो. नवं सांगायचं तर एवढंच, की या वेळी त्याची झळ आमच्या वावरांपर्यंत आली.

आर्कान्सा आणि विदर्भाचं नातं तसं जुनं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर खामगाव-हिंगणघाटकडे वळली. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. त्या वेळी त्यांच्या संकटानं आमचा भाव वाढला. २००१-०२ मध्ये त्यांच्या मदतीनं आमचा भाव पाडला. त्या हंगामात जागतिक बाजारात रुई सरासरी पौंडाला ४२ सेंटांपर्यंत उतरली, म्हणजे किलोला सुमारे ४४ रुपये. अमेरिकेच्या २००२ च्या कायद्यानं तिथल्या उत्पादकाला ७२.४० सेंटांचा भाव धरून दिला. बाजार खाली गेला तर फरकातला मोठा भाग सरकारचा. कापूस पिकवणारे जेमतेम २५ हजार, आणि एका वर्षात त्यांच्या वाट्याला गेलेली रक्कम तीन अब्ज डॉलरांच्या वर. भाव पडला तरी तिकडे पेरा घटत नव्हता आणि जादा रुई जगाच्या बाजारात येत होती. आमच्याकडे १९७२ पासून चाललेली एकाधिकार खरेदी तेव्हा तोट्यात बुडत होती. चुकारे लांबत होते. केंद्रावर मी प्रत लिहून द्यायचो आणि माणसं विचारायची, पैसे कधी? २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली.

ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेवर दावा लावला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनीही आवाज उठवला. ब्राझील जिंकला. २०१० पासून अमेरिका ब्राझीलच्या कापूसउत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देऊ लागली आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटलं. भारत त्या दाव्यात त्रयस्थ पक्ष म्हणून बसलेला होता. यवतमाळच्या शेतकऱ्याला त्यातला एक पैसा आला नाही. त्याच वर्षांत आमच्याकडे शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत होत्या, ते देशानं वर्तमानपत्रात वाचलेलं आहे.

म्हणून आमच्या इथल्या मदतीकडे मी कागद कुणाच्या नावे आहे, त्या बाजूनं बघतो. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ ची कर्जमाफी दोन हेक्टरांपर्यंत पूर्ण. कोरडवाहू वऱ्हाडात तीन हेक्टरवालाही गरीबच, तो चौथाई सवलतीत ढकलला गेला, आणि ज्यानं सावकाराकडून उचल केली तो हिशेबातच नव्हता. आत्महत्या केलेल्याच्या घरी एक लाख द्यायचे, तर आधी समिती बसून ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवते, आणि घरात कुणाच्या नावे सातबारा नसेल तर उत्तर अपात्र. २०१९ पासून वर्षाला सहा हजार रुपये थेट खात्यात येतात, ते जमीनधारक कुटुंबाला. मध्ये दलाल नाही, समिती नाही, ही मोठी गोष्ट आहे आणि ज्यांना मिळतात त्यांना ते बियाण्याच्या वेळी उपयोगी पडतात. पण आमच्या गावात निम्मी वावरं आज मक्त्यानं किंवा बटईनं केली जातात. मालक अमरावतीला, नागपूरला, पुण्याला. सहा हजार त्यांच्या खात्यात. अतिवृष्टीचं अनुदान त्यांच्या खात्यात. मक्त्यानं करणारा आधी मक्त्याचे पैसे रोख मोजतो, मग पेरतो, मग नुकसान सोसतो.

कुळकायद्याचा हेतू कसेल त्याला जमीन देण्याचा होता. पण कुळ लागेल या भीतीनं तेव्हापासून मालक कागद करेनासे झाले. सगळा व्यवहार तोंडी. पीकविम्यात भाडेतत्त्वावर करणाऱ्यालाही भाग घेता येतो, असं नियमात आहे, त्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार जोडायचा. मी हे नियम वाचून आमच्या शेजारच्या वावरात पऱ्हाटी करणाऱ्याला समजावून सांगितले. त्याच्या घरात पाच माणसं, स्वतःचं रान गुंठाभरही नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हटलं, मालकाला सांगून करार करून घे, मी कागद लिहून देतो, तहसीलला सोबत येतो.

तो म्हणाला, “सही मागतली त पुढच्या साली वावर दुसऱ्याले जाते, भाऊ.” आणि तो खत टाकायला निघून गेला, कारण सकाळपासून आभाळ आलेलं होतं.